रोजच्या गाडीला किती पॉवर पुरे, आणि कुठून पुढे ती नुसतीच मिरवायला

दसरा-दिवाळीच्या आधी मला हा फोन येतोच येतो. कधी मावसभाऊ, कधी ऑफिसातलं कुणी, कधी सोसायटीतल्या काकांचा मुलगा, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, ८२ पीएसची घेऊ, १२०ची घेऊ, का अजून थोडे टाकून सरळ १५०?" (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरच, मेट्रिक मापातली.) मी उलट विचारतो की बाबा तू रोज जातोस कुठून, तर समोरून दोन सेकंद शांतता. कारण हा प्रश्न कुणी स्वतःला विचारलेलाच नसतो, सगळ्यांनी व्हिडिओ बघितलेले असतात.

माझं सांगतो. आधी ६७ पीएसची हॅचबॅक होती, गेली तीन वर्षं १५० पीएसची सेडान आहे, आणि रस्ता तोच, वारजे ते हिंजवडी. पॉवर डबलच्या वर झाली, ऑफिसला पोचायची वेळ एका मिनिटानेही बदलली नाही. भूमकर चौकात माझ्या पुढे पाणीपुरवठ्याचा टँकर असतो आणि त्याला माझी पॉवर किती याच्याशी काही देणंघेणं नसतं.

तर आता ठरवायचं कसं ते बघू.

पहिलं म्हणजे एका वेगात नुसती गाडी चालत ठेवायला किती पॉवर लागते ते डोक्यात बसवून घ्या. साधारण ११००-१२०० किलोची, माणसासकट, हॅचबॅक सपाट रस्त्यावर ६० ने चालली असेल तर सहा-सात पीएस लागतात. हो, सहा-सात. ८० ला अकरा-बारा, १०० ला अठरा-वीस, आणि १२० ला तिसाच्या आसपास. एसी लावला तर अजून तीन-चार धरा. वेग वाढला की आकडा एकदम का उडी मारतो, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याच्यावर मात करायला लागणारी पॉवर घनाने, म्हणजे वेग डबल केला की हवेपुरती पॉवर आठपट. पण १२० च्या पुढचं कशाला मोजायचं, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला लिमिट १०० आहे आणि घाटात त्याहून बरंच कमी, ७०१ किलोमीटरचा अख्खा समृद्धी घेतला तरी कारला १२०. म्हणजे कायद्यात राहून महाराष्ट्रात जास्तीत जास्त वेगाने जायला लागतात तीस-पस्तीस पीएस. मारुती ८०० आली १९८३ ला, तिची पॉवर चाळीसच्या आत होती आणि त्यात पाच माणसं, वर कॅरिअरला सामान, असं करून लोक पसरणी घाट चढून पाचगणीला जायचेच. एसी बंद करून, दुसऱ्यावर, मागे लाइन लावून, पण जायचे.

मग बाकीची पॉवर कशाला? दोनच कामांना. चढ आणि ओव्हरटेक.

चढाचं गणित सोपं आहे. १३०० किलोची भरलेली गाडी पाच टक्के चढावर, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, अशा रस्त्यावर ६० ने न्यायची तर नुसत्या चढासाठी चौदा-पंधरा पीएस जास्तीचे लागतात. म्हणजे एकूण वीस-बावीस, एसी धरून पंचवीस. आता तुम्ही म्हणाल की मग ६७ पीएसची गाडी घाटात दम का टाकते? कारण ब्रोशरमधला आकडा हा साडेपाच-सहा हजार आरपीएमचा (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे) असतो आणि आपण घाट चढतो दोन हजारावर, तिसऱ्यात, कारण इंजिन ओरडलं की घरचे म्हणतात "अरे काहीतरी बिघडलंय, थांबव." इथे एक सूत्र लक्षात ठेवा, कुठेही उपयोगी पडतं: टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, एनएममध्ये (न्यूटन-मीटर) घ्या, आरपीएमने गुणा, सात हजाराने भागा, आले पीएस. तीन सिलिंडरच्या नव्या स्विफ्टचा कमाल टॉर्क साधारण ११२ एनएम, तो पण ४३०० ला. दोन हजारावर ९० धरले तर हातात येतात पंचवीस-सव्वीस पीएस. तेच फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टर्बो (जादा हवा दाबून आत भरणारं इंजिन), १७८ एनएम १७५० पासून, म्हणजे दोन हजारावर पन्नास. कागदावर फरक ८२ आणि ११५ चा, पण आपण जिथे गाडी चालवतो तिथे फरक सरळ डबलचा. लोक टेस्ट ड्राइव्हवरून उतरून "पिकअप भारी आहे रे" म्हणतात ते या पन्नासला म्हणतात, ११५ ला नाही.

म्हणून पॉवरचा आकडा विचारण्याआधी दोन हजारावर काय मिळतं ते विचारा. सेल्सवाल्याला बहुतेक माहीत नसतं. ब्रोशरमध्ये टॉर्कच्या पुढे "@" करून आरपीएम लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि डोंगरात राहत असाल तर अजून एक, साध्या बिनटर्बोच्या इंजिनाची दर शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्का पॉवर जाते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर, म्हणजे बारा-तेरा टक्के गेलीच. टर्बोला हा त्रास खूप कमी.

आता ओव्हरटेक, आणि इथे मी जास्त पॉवरच्या बाजूने बोलणार आहे. ऊस सुरू झाला की कोल्हापूर-सांगलीकडचे रस्ते डोळ्यापुढे आणा. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, रिफ्लेक्टर नाही, आणि टेपवर गाणं इतकं मोठं की तुमचा हॉर्न त्याच्यापर्यंत जाणारच नाही. किंवा चिपळूण-कराड कुंभार्ली घाट आणि पुढे लाल परी. ६० वरून १०० ला जायचंय. ऐंशी-पंच्याऐंशी पीएसच्या गाडीला, बरोबर गिअर टाकला तर, सातआठ सेकंद. १५० च्या टर्बोला चार. चार सेकंद काय मोठे, असं वाटतं, पण समोरून ८० ने एक पिकअप येतोय आणि तुम्ही पण सरासरी ८० ला आहात, म्हणजे मधलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने कमी होतंय. चार सेकंद म्हणजे पावणेदोनशे मीटर. तेवढी पावणेदोनशे मीटर कमी गॅप तुम्हाला पुरते. दुपदरी रस्त्यावर आठवड्यातून दोनतीनदा गावी ये-जा असणाऱ्या माणसाला मी १००-१२० पीएसची टर्बोच घे म्हणून सांगतो, ती चैन नाही.

फक्त एक गोम आहे, मी स्वतःवरून सांगतो. ६७ पीएसवाली होती तेव्हा मी मोठी गॅप मिळेपर्यंत थांबायचो, कारण दुसरा इलाजच नव्हता. १५० वाली आल्यावर महिनाभरात मी निम्म्या गॅपमध्ये घालायला लागलो. म्हणजे ते पावणेदोनशे मीटर मी वाचवलेच नाहीत, खर्च केले. हे बायकोने दाखवून दिलं, ती पायाने फूटवेलमध्ये ब्रेक दाबत बसली होती.

ओके, आता आकडा काढायची पद्धत. नुसता पीएस बघू नका, टनाला किती ते बघा. ब्रोशरमधलं कर्ब वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, घ्या आणि पॉवरला त्याने भागा. (बीएचपी आणि पीएस यात दीड टक्क्याचाच फरक आहे, त्यावरून भांडू नका.) मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपास, टनाला पंचावन्न-साठ. स्विफ्ट सव्वानऊशे किलोच्या आत-बाहेर, टनाला नव्वदच्या जवळ. नेक्सॉन पेट्रोल १२० पीएस, सव्वा टनाच्या आसपास, पंच्याण्णव. व्हर्टस १.५ किंवा तिची बहीण स्लाव्हिया, १५० पीएस, पावणेतेराशे किलो धरा, ११८. आणि आता बघा, स्कॉर्पिओ एन पेट्रोल, २०३ पीएस, ऐकायला केवढे, पण वजन दोन टनाच्या जवळ, म्हणजे टनाला १०५ च्या आसपासच. "दोनशे हॉर्सपॉवर आहे भाऊ" म्हणणाऱ्याला हे एकदा भागून दाखवा. आणि आपल्याकडे गाडीत एक माणूस कधी नसतो, कर्ब वेटमध्ये चार माणसं आणि डिकीतल्या तांदळाच्या पोत्याचे तीनसाडेतीनशे किलो मिळवून परत भागा. स्विफ्ट नव्वदवरून पासष्टला येते, स्कॉर्पिओ मात्र नव्वदच्या आसपासच टिकते. जड गाडीला लोक चढल्याने कमी फरक पडतो, हलकीला जास्त. म्हणून सहा जणांचं कुटुंब घेऊन हिंडणाऱ्याने नेहमी भरलेल्या गाडीचा आकडा काढायचा.

माझा अंदाज, चालवून चालवून झालेला: भरलेल्या गाडीत टनाला साठ-सत्तर मिळाले तर शहर आणि हायवे आरामात होतो. ऐंशी-नव्वद असले तर घाट, ओव्हरटेक, सगळं मजेत. रिकामी गाडी टनाला १२० च्या पुढे गेली की रोजच्या रस्त्यावर ती वापरायला जागाच मिळत नाही. दीडशेच्या पुढे, म्हणजे ऑक्टाव्हिया आरएस नाहीतर गोल्फ जीटीआय, २०२५ मध्ये दोन्ही २६५ पीएस घेऊन आपल्याकडे आल्या, तिथे तर तुम्ही कायम गाडीला मागे ओढत असता. ऑस्ट्रेलियात हे सरकारनेच करून ठेवलंय, व्हिक्टोरिया-न्यू साउथ वेल्समध्ये नवा लायसन्सवाला, ज्याला तिकडे पी-प्लेटर म्हणतात, त्याला टनाला १३० किलोवॅटच्या वरची गाडी चालवता येत नाही. १३० किलोवॅट म्हणजे १७७ पीएस. मेलबर्नला कुणाचा पोरगा नुकता लायसन्स काढून बसला असेल तर त्याला विचारा, तोंडपाठ असेल.

पण माझा अंदाज तो माझा अंदाज, तुमचा रस्ता वेगळा. म्हणून एक आठवडा हे करा. बाजारात हजारेक रुपयांत ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल मिळतो, गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा, स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डला पोर्ट असतो तिथे लावायचा, फोनवर ॲप टाकायचं आणि आरपीएम, थ्रॉटल (पाय किती दाबलाय) आणि इंजिन लोड (इंजिनावर किती ताण आहे) रेकॉर्डला लावायचं. गाडी चालवताना बघायचं नाही, घरी जाऊन बघायचं. मी केलं तेव्हा अख्ख्या आठवड्यात पाय पूर्ण दाबलेला दिसला दोनदा, दोन्ही वेळा चांदणी चौकाच्या चढावर हायवेला लागताना. बाकी सगळा वेळ आरपीएम बाराशे ते बावीसशे. मी १५० पीएसचा हप्ता भरत होतो आणि वापरत होतो चाळीस. डोंगल नको असेल तर साधा उपाय, ज्या ज्या वेळी "आत्ता अजून पॉवर हवी होती" असं वाटलं ती जागा गाडी थांबल्यावर फोनमध्ये लिहून ठेवा. आठवड्याच्या शेवटी दोन नोंदी असतील तर आहे ती गाडी ठेवा, सर्व्हिसिंग करा, एअर फिल्टर बदला. रोज चार असतील आणि त्या चढावरच्या असतील तर जास्त टॉर्कची बघा. आणि नोंदी "सिग्नलला शेजारच्या क्रेटाने मागे टाकलं" अशा असतील तर काय ते तुम्हीच समजा.

दुसरी टेस्ट मी तीन सेकंदांची म्हणतो, ही मनातल्या मनातच करायची, एफसी रोडवर खरी करायला जाऊ नका. दुसरा गिअर, वेग वीस, पाय पूर्ण खाली, तीन सेकंद. स्विफ्ट साधारण पंचेचाळीस-पन्नासला जाते. १५० वाली साठच्या आसपास. २६५ वाली, टायरने धरलं तर, ऐंशीला. आता तुमच्या रोजच्या रस्त्यावर अशी तीन सेकंद मोकळी मिळणाऱ्या जागा मोजा, जिथे पुढे स्पीडब्रेकर नाही, डिव्हायडरमधून माणूस येणार नाही, उलट्या दिशेने मोटरसायकल येणार नाही. एकही नसेल तर ती पॉवर तुमच्यासाठी जास्त आहे, हीच माझी व्याख्या.

टायरने धरलं तर, म्हटलं, त्याची गोष्ट सांगतो. जूनचा पहिला पाऊस, तासभर झालेला, रस्त्यावर वर्षभराचं तेल आणि धूळ वर आलेली. सर्व्हिस रोडवरून हायवेला लागायचं, डावीकडे वळण घेत, मागून टेम्पो येताना आरशात दिसला म्हणून मी पाय दाबला. दुसरा गिअर, टर्बो एकदम भरला, पुढची दोन्ही चाकं जागेवर फिरली, डॅशवर पिवळा दिवा फडफडला आणि स्टिअरिंग डावीकडे असताना गाडी सरळ टेम्पोच्या लेनकडे निघाली. मी घाबरून पाय सोडला, चाकांनी पकड घेतली, गाडी झटका देऊन आत आली. टेम्पोवाल्याने काचेतून जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. चूक माझीच. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग तळहाताएवढा असतो, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत वळायचं काम पण त्यांचंच आणि ओढायचं पण त्यांचंच. २५० एनएम पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कोरड्यावर पण टायरला जड जातात, ओल्यावर तर विचारूच नका. जुन्या गाडीत मी हेच केलं असतं तर इंजिन फक्त "घूं" झालं असतं.

म्हणून ११०-१२० पीएसच्या वर जाणार असाल तर आधी टायरचं बजेट बाजूला काढा, आणि ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) सगळ्या व्हेरियंटला आहे का बघा. ब्रेकचंही तसंच, ८० वरून थांबण्यापेक्षा १०० वरून थांबायला ब्रेकला दीडपटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच १०० ला चाळीस मीटर निघून जातात. एवढं करून टायर घासलेले ठेवणार असाल तर ६७ पीएसच बरी.

इलेक्ट्रिकवाल्यांचं गणित थोडं उलटं. तिथे टॉर्क शून्यापासून मिळतो, दोन हजाराची वाट बघायला नको, त्यामुळे टियागो ईव्हीचे ७५ पीएस पण शहरात चपळ वाटतात. २८६ पीएसची महिंद्राची बीई ६ घेऊन शहरात हिंडताना तर पायाचं बोट हलवलं तरी गाडी पळते. असली गाडी घेतली असेल तर पहिला महिना सगळ्यात शांत मोडवर चालवा, घरात अजून कुणी चालवणारं असेल तर त्यांनाही तेच सांगा, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर कायमच.

बाइकवर थोडंसंच. स्प्लेंडरला आठ पीएस, अख्खा महाराष्ट्र दूध घालतो तिच्यावर. ड्यूक ३९०, ४६ पीएस आणि १६८ किलो, टनाला काढा, पावणेतीनशेच्या जवळ, म्हणजे कुठल्याही आरएसच्या वर. ती ४६ वरच का अडलीय, तर युरोपात मधल्या ए२ लायसन्सवर ३५ किलोवॅटचीच परवानगी आहे, त्या मापात बसवलेली गाडी आहे ती. आपल्याकडे अशी पायरीच नाही. अठरा पूर्ण झाली, गिअरवाल्या मोटरसायकलचं लायसन्स हातात आलं, की स्प्लेंडर चालवा नाहीतर १९० पीएसची हायाबुसा, कायद्याला दोन्ही सारखं. तेव्हा ती पायरी घरच्यांनी घालायची, पहिली दोन वर्षं १२५-१६० सीसी, मग पुढचं बघू. पोरगा आठ दिवस बोलणार नाही, न बोलू दे.

रिमॅपबद्दल, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल, पण विचारतात, "लॅपटॉप लावून वीस-पंचवीस पीएस वाढवतात, करू का?" रोजच्या गाडीला नको. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मर्यादाच २५० एनएमची आहे, १.५ टर्बो कंपनीतूनच तिथे टेकलेली येते, वर घातलेलं सगळं क्लचच्या जिवावर. वॉरंटी जाते, इन्शुरन्सवाल्याला न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो, आणि गाडीत मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचे बदल करण्याबद्दल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये कडक निकाल दिलाय. तेवढ्या पैशात चार चांगले टायर येतात.

खर्चात एक गंमत आहे जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. आपल्याकडे थर्ड पार्टी इन्शुरन्स सीसीवर ठरतो, पॉवरवर नाही. ९९८ सीसीची ६७ पीएस आणि ९९९ सीसीची ११५ पीएस, दोघींचा थर्ड पार्टी एकच. जीएसटी पण सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलला १२०० सीसी आणि चार मीटर बघतो, त्याच्या आत १८ टक्के, बाहेर ४०. म्हणून छोटं टर्बो इंजिन असलेली चार मीटरच्या आतली गाडी हा आत्ता सगळ्यात हुशार सौदा आहे. मायलेजचं मात्र पायावर आहे, टर्बोत पाय जड असेल तर शहरात नऊ-दहाला उतरते, मला आलाय अनुभव.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह. शोरूमवाला तुम्हाला एकट्याला बसवून, सकाळी, रिकाम्या डीपी रोडवर नेतो, तिथे सगळ्याच गाड्या पळतात. तुम्ही घरातली चार माणसं घेऊन जा, जड माणसं मागे. एसी फुल. जवळचा चढ गाठा, कात्रज असो नाहीतर तुमच्याकडचा कुठलाही, मध्येच थांबवा आणि परत उचला, क्लच न जाळता उचलते का बघा. मग तिसऱ्यात ३० वरून ६० पर्यंत पाय दाबून मोजा, तोंडाने एक-दोन-तीन म्हटलं तरी चालतं. ऑटोमॅटिक असेल तर ४० ला चालवताना एकदम दाबा आणि गाडी किती वेळ विचार करते ते बघा. मग ट्रॅफिकमध्ये न्या, पहिल्यात नुसत्या क्लचवर रिक्षाच्या मागे मागे सरकवा, दहा मिनिटं, धक्के देते का, कारण उरलेली पाच वर्षं तुम्ही हेच करणार आहात. सेल्सवाला म्हणेल सर एवढ्या लोकांना परवानगी नाही, त्याला म्हणा मग गाडी पण एकट्यालाच विकतोयस का.